अर्ध्या स्मृतीचा नियम पुरेसा आहे काय?

चंदीगडच्या सेक्टर ३९-अ या विभागात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जिवाणू, बुरशी, यीस्ट यांचे हजारो वाण जतन करून ठेवलेले आहेत. परंतु सूक्ष्मजीवांचे संशोधन आज केवळ काचेच्या कुप्यांत आणि सूक्ष्मदर्शकाखाली होत नाही; ते संगणकाच्या पडद्यावरही होते. संस्थेतील जैवमाहितीशास्त्राच्या विभागाने डॉ. गजेंद्र पाल सिंह राघव यांच्या नेतृत्वाखाली या दुसऱ्या मार्गाने मोठे काम केले. क्षयरोगासारख्या उपेक्षित रोगांवर औषधे शोधण्यासाठी परिषदेने २००८ साली ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ नावाची खुली योजना सुरू केली. तिच्या अनुषंगाने याच विभागाने पुढे ‘ओएसडीडीलिनक्स’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. औषधशोधाला लागणारी अनेक मुक्त साधने एकत्र करून ती लिनक्सवर बसविलेली आणि विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळणारी अशी ही प्रणाली होती. ती संगणकावर कायमची बसविता येई. तशीच संगणकातील मूळ प्रणालीला धक्का न लावता डीव्हीडीवरून अथवा पेन ड्राइव्हवरून थेट चालविताही येई.

अशा रीतीने चालणाऱ्या प्रणालीस ‘लाइव्ह’ प्रणाली म्हणतात. ही कल्पना बरीच जुनी आहे. १९९२ साली निघालेली ‘यग्द्रासिल’ ही लिनक्स तबकडीवरून चालत असे, आणि २००० साली जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी काढलेल्या ‘क्नॉपिक्स’ने ही पद्धत जगभर रूढ केली. ज्या शाळेत दहा जुने संगणक आहेत आणि ज्या ग्रंथालयात रोज नवा वाचक त्याच यंत्रापुढे येऊन बसतो, तेथे अशा प्रणालीची उपयुक्तता निराळी सांगावयास नको. डिस्क बिघडलेली असली तरी यंत्र चालते, आणि एकाने केलेली मोडतोड दुसऱ्याच्या वाट्याला येत नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की सर्व काही पूर्ववत होते.

परंतु या सोयीच्या मुळाशी एक प्रश्न दडलेला आहे. संगणकाच्या स्मृतीपैकी, म्हणजे रॅमपैकी, किती भाग फाइली ठेवण्यासाठी वापरू द्यावयाचा? हे माप प्रणाली सुरू होतानाच ठरते, आणि बहुधा ते कोणी ठरवीत नाही. प्रणालीच्या कर्त्यांनी घालून दिलेले मान तसेच लागू होते. हे मान बहुतेक ठिकाणी ‘अर्धी स्मृती’ असे असते. हा नियम सोयीचा असला तरी तो डोळे मिटून स्वीकारावा असा नाही, आणि यंत्र सुरू करणाऱ्याने हे माप स्वतः ठरविण्याची सवय लावून घेतली पाहिजे, असे येथे मांडावयाचे आहे.

पुस्तक आणि वरचा कागद

प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ग्रंथालयातील पुस्तकात वाचकाने काही लिहू नये असा नियम असतो. तरीही एखाद्या नकाशावर खुणा करून पाहावयाच्या असतील, तर वाचक त्यावर पारदर्शक कागद ठेवतो आणि त्या कागदावर रेघा ओढतो. वरून पाहिले असता नकाशा आणि रेघा एकत्रच दिसतात. कागद उचलला की पुस्तक जसेच्या तसे राहते. लाइव्ह प्रणालीची रचना नेमकी अशी असते. डीव्हीडीवर अथवा पेन ड्राइव्हवर असलेली मूळ प्रणाली दाबून लहान केलेली आणि केवळ वाचण्याजोगी असते. तिच्यावर आच्छादनाचा एक थर घातला जातो, आणि वापरणारा जे जे लिहितो, बदलतो अथवा पुसतो ते सारे या थरात नोंदले जाते.

हा वरचा थर राहतो कोठे? तो राहतो रॅममध्ये, ‘टीएमपीएफएस’ नावाच्या स्मृतिस्थ फाइलव्यवस्थेत. लिनक्समध्ये ही व्यवस्था २००१ साली आलेल्या २.४ या आवृत्तिमालिकेपासून आहे. तिच्यात ठेवलेली फाइल दिसावयास डिस्कवरील फाइलीसारखीच दिसते; परंतु वीज गेली की ती नाहीशी होते.

या व्यवस्थेविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. तिला ४ गिगाबाइटची मर्यादा दिली म्हणजे ४ गिगाबाइट रॅम तत्काळ अडकून पडते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तसे नसते. मर्यादा म्हणजे आरक्षण नव्हे. फाइली जितक्या वाढतील तितकीच स्मृती खर्ची पडते, आणि आच्छादनात लिहिलेली फाइल पुसली की ती जागा परत मिळते. म्हणून मर्यादा मोठी ठेवण्याने आरंभी काहीच नुकसान दिसत नाही. ते दिसत नाही म्हणूनच तिच्याविषयी कोणी विचार करीत नाही.

आच्छादनाच्या आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. मूळ प्रणालीतील एखाद्या फाइलीत एकच ओळ बदलावयाची असली, तरी ती संपूर्ण फाइल प्रथम वरच्या थरात उतरविली जाते आणि मग बदलली जाते. दीड गिगाबाइटच्या माहितीकोशात एक शब्द दुरुस्त केला तर दीड गिगाबाइट रॅम खर्च होते. दुसरी गोष्ट अशी की मूळ प्रणालीतील फाइल पुसून जागा मोकळी होत नाही. ती ‘पुसलेली’ असल्याची खूण तेवढी वरच्या थरात ठेवली जाते. जागा कमी पडू लागली की जुने कार्यक्रम काढून टाकावेत, हा डिस्कवरचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही.

क्षयजंतूचे उदाहरण

क्षयरोगाच्या जंतूचा संपूर्ण जीनोम १९९८ साली प्रसिद्ध झाला. तो सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. एका अक्षराला एक बाइट धरल्यास सारा जीनोम साडेचार मेगाबाइटच्या आतच मावतो. एवढीशी फाइल पाहून विद्यार्थ्यास वाटेल की येथे जागेचा प्रश्न उद्भवणारच नाही.

परंतु प्रत्यक्ष अभ्यासात तयार जीनोम एकदम हाती येत नाही. रुग्णाकडून मिळविलेल्या जंतूचा जीनोम यंत्रावर वाचताना त्याचे लहान लहान तुकडे वाचले जातात, आणि चुका वगळता याव्यात म्हणून प्रत्येक स्थान अनेकदा वाचले जाते. प्रत्येक स्थान सरासरी १०० वेळा वाचले असे धरले, तर ४४ कोटी अक्षरे होतात. प्रत्येक अक्षराबरोबर त्याच्या विश्वासार्हतेचे एक चिन्ह नोंदले जाते. म्हणजे आणखी ४४ कोटी. तुकड्यांची नावे धरता हा मजकूर दाबून लहान केला नाही तर एक गिगाबाइटच्या आसपास जातो. पुढे हे तुकडे मूळ जीनोमशी जुळवून पाहताना जवळजवळ तेवढ्याच आकाराची दुसरी फाइल तयार होते, आणि ती क्रमवार लावताना तिसरी. साडेचार मेगाबाइटच्या जंतूने अशा रीतीने तीन गिगाबाइट जागा मागितलेली असते. ४ गिगाबाइटच्या यंत्रावर ‘अर्धी स्मृती’ म्हणजे २ गिगाबाइट. काम मध्येच थांबणार हे उघड आहे.

ही परिस्थिती केवळ संशोधकावरच येते असे नाही. शाळेतील मुलांनी काढलेली चित्रफीत जोडावयाची असो, गावाचा नकाशा तयार करावयाचा असो, की जुन्या हस्तलिखिताची छायाचित्रे नीट लावावयाची असोत, मधल्या टप्प्यांवरील फाइली अंतिम फाइलीहून कितीतरी मोठ्या असतात.

दोन प्रकारचे अपयश

यावर कोणी म्हणेल, मग मर्यादा वाढवावी. शक्य तर ती काढूनच टाकावी. येथेच खरी मेख आहे. टीएमपीएफएसला मर्यादा नसणे शक्य आहे. परंतु मर्यादा अवाजवी मोठी ठेवल्यास यंत्र जागीच अडकून पडू शकते, असा इशारा लिनक्सच्या गाभ्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. रॅम संपत आली की लिनक्स एखादा मोठा कार्यक्रम बंद पाडून स्मृती मोकळी करतो. परंतु स्मृतिस्थ फाइली कोणत्याही एका कार्यक्रमाच्या नसतात. कार्यक्रम बंद पडला तरी त्या जागच्या जागी राहतात. त्यांना हलवावयाची दुसरी जागा म्हणजे डिस्कवरील ‘स्वॅप’, आणि लाइव्ह प्रणालीत बहुधा तीच नसते. एकामागून एक कार्यक्रम बंद पडतात, पडदा गोठतो, आणि शेवटी कोणीतरी वीज बंद करतो. त्या क्षणी रॅममधील सर्व काम नाहीसे होते.

याउलट मर्यादा योग्य असेल तर काय होते? फाइल लिहीत असलेल्या कार्यक्रमास ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. तो थांबतो, परंतु यंत्र चालू राहते. आधी तयार झालेल्या फाइली पेन ड्राइव्हवर काढून घेता येतात, निरुपयोगी फाइली पुसता येतात, आणि मर्यादा प्रणाली चालू असतानाही बदलता येत असल्याने थोडा अवकाश असेल तर ती वाढवून काम पुन्हा सुरू करता येते.

तात्पर्य, ही मर्यादा केवळ जागेचे माप नव्हे; अडचण आली असता ती कोणत्या स्वरूपात यावी याची ती निवड आहे. एका अपयशात यंत्र बोलते आणि काम वाचविण्यास वेळ देते. दुसऱ्यात ते मुके होते आणि सर्व काही घेऊन जाते. विद्यार्थ्याच्या चार तासांच्या श्रमांची किंमत ज्याला ठाऊक आहे तो पहिल्याचीच निवड करील.

अर्ध्याचा हिशेब

‘अर्धी स्मृती’ या नियमाचा दोष आता स्पष्ट होईल. समजा, कार्यप्रणाली आणि तिचे दृश्य मेज यांना दीड गिगाबाइट लागते, आणि ज्या कार्यक्रमावर काम करावयाचे त्याला ३ गिगाबाइट. एकूण स्मृतीचा दहावा हिस्सा राखीव ठेवावयाचा असे धरू. ८ गिगाबाइटच्या यंत्रावर फाइलींसाठी २.७ गिगाबाइट उरतात. अर्ध्याचा नियम मात्र ४ देतो. त्या पूर्ण भरल्या तर मागणी साडेआठ गिगाबाइटवर जाते, आणि यंत्र मुक्या अपयशाकडे ढकलले जाते. त्याच कामासाठी १६ गिगाबाइटचे यंत्र घेतले तर फाइलींसाठी जवळजवळ १० गिगाबाइट मोकळे असतात; नियम मात्र ८ वरच थांबवितो, आणि मोकळी जागा असूनही काम अडते. लहान यंत्रावर जो नियम सढळ ठरतो तोच मोठ्या यंत्रावर कंजूष ठरतो.

शिवाय या अर्ध्याचा वाटेकरी एकच नसतो. चालू लिनक्स यंत्रावर आच्छादनाखेरीज इतरही स्मृतिस्थ फाइलव्यवस्था असतात. कार्यक्रमांनी आपसांत वाटून घ्यावयाच्या स्मृतीसाठी एक असते. काही प्रणालींत तात्पुरत्या फाइलींसाठी दुसरी असते. आणि त्यांपैकी प्रत्येकीला निरनिराळे ‘अर्धे’ दिलेले असू शकते. एखाद्या गृहस्थाने मृत्युपत्रात तिघा मुलांना प्रत्येकी अर्धे शेत लिहून द्यावे, तसा हा प्रकार आहे. तिघेही शेत पेरावयास निघेपर्यंत तंटा होत नाही, एवढेच.

काही लाइव्ह प्रणालींत संपूर्ण प्रणालीच आरंभी रॅममध्ये उतरवून घेण्याची सोय असते, म्हणजे पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्या यंत्रास लावता येतो. वर्गात ही सोय मोठी आकर्षक वाटते. परंतु मूळ प्रणाली २ गिगाबाइटची असेल तर तेवढी स्मृती आरंभीच गेली, आणि वरच्या उदाहरणातील २.७ पैकी केवळ ०.७ गिगाबाइट उरते. हा हिशेब न करता अर्ध्याचा नियम चालू ठेवणे म्हणजे संकटास आमंत्रण देणेच होय.

सर्व प्रणालींचे कर्ते अर्ध्यावरच विसंबतात असेही नाही. ‘आर्च लिनक्स’च्या लाइव्ह माध्यमात हे मान पूर्वापार २५६ मेगाबाइट एवढेच ठेवलेले आहे, कारण ते माध्यम मुख्यतः प्रणाली बसविण्यापुरते वापरावे अशी अपेक्षा आहे. ‘डेबियन’च्या लाइव्ह रचनेत ते अर्धे असते; कारण तेथे माध्यमावरच दिवसभर काम होईल असे धरलेले आहे. दोन्ही निर्णय आपापल्या हेतूस धरून आहेत. यातून दिसते ते एवढेच की योग्य माप कामावरून ठरते, आणि काम काय आहे हे प्रणालीच्या कर्त्याला नव्हे, तर वापरणाऱ्यालाच ठाऊक असते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की स्मृती आता स्वस्त झाली आहे. अधिक रॅम घ्यावी म्हणजे प्रश्न मिटला. ज्याच्या हाती पैसा आहे त्याने हा मार्ग अवश्य पत्करावा. परंतु लाइव्ह प्रणाली ज्यांना खरोखर उपकारक आहे, त्या शाळा आणि ग्रंथालये देणगीत मिळालेल्या जुन्या यंत्रांवरच बहुधा काम चालवितात. अशा अनेक यंत्रांत अधिक रॅम बसविण्यास जागाच नसते. फुकट मिळणाऱ्या प्रणालीसाठी महागडे यंत्र घ्या असे सांगणे हे तिच्या हेतूशीच विसंगत आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. वरचा थर रॅममध्ये न ठेवता पेन ड्राइव्हवरच कायम ठेवावा, म्हणजे वीज गेली तरी काम टिकेल. ही सोय अनेक प्रणालींत आहे, आणि एका विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हसाठी ती उत्तमच आहे. परंतु सार्वजनिक ग्रंथालयात तिचा उपयोग करू नये. तेथे एका वाचकाने पाहिलेली पाने, लिहिलेली पत्रे आणि भरलेले अर्ज दुसऱ्याच्या दृष्टीस पडता कामा नयेत. रॅममधील थर यंत्र बंद होताच नाहीसा होतो, हा जो त्याचा दोष वाटतो तोच येथे गुण ठरतो. शिवाय साधारण पेन ड्राइव्हवर सतत लहान लहान नोंदी लिहिणे संथ असते आणि त्याचे आयुष्यही त्यामुळे कमी होते.

तिसरा आक्षेप असा की सामान्य वापरणाऱ्यावर हा तांत्रिक भार टाकू नये. हा आक्षेप सहानुभूतीतून आलेला असला तरी तो वाचकाला कमी लेखणारा आहे. येथे लागते ती बेरीज आणि वजाबाकी. एकूण रॅम किती, प्रणालीला किती, कामाला किती आणि हाताशी किती राखावी, हे चार आकडे मांडणे सातवीतील मुलास कठीण नाही. किंबहुना संगणकाच्या तासाला असा हिशेब मुलांकडून करवून घेतला, तर स्मृती आणि साठवण यांतील भेद त्यांना जितका स्पष्ट होईल तितका व्याख्या पाठ करून होणार नाही.

काय करावे

मार्ग साधे आहेत. डेबियनच्या पद्धतीच्या लाइव्ह प्रणालीत आरंभीच्या यादीतील ओळ बदलून तिच्या अखेरीस ‘ओव्हरले-साइझ’ या नावाने मर्यादा लिहिता येते. ती गिगाबाइटमध्ये देता येते, अथवा एकूण स्मृतीच्या टक्क्यांतही. आर्च लिनक्समध्ये याच कामासाठी ‘काऊ-स्पेससाइझ’ असे निराळे नाव आहे. ही नावे अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी लागतात. शाळेतील सर्व यंत्रे सारखी असतील तर शिक्षकाने एकदा हिशेब करून ते मान पेन ड्राइव्हवरील आरंभाच्या यादीतच नोंदवून ठेवावे. म्हणजे प्रत्येक मुलास ते लिहावे लागणार नाही. यंत्रे निरनिराळ्या क्षमतेची असतील तर गिगाबाइटऐवजी टक्क्यांत मान द्यावे, मात्र ते सर्वांत लहान यंत्राचा हिशेब करून. ज्या फाइली गमावणे परवडणार नाही, त्या या जागेत ठेवूच नयेत. मर्यादा कितीही विचारपूर्वक ठरविली तरी रॅम ही साठवणीची जागा नव्हे.

परंतु सारा भार वापरणाऱ्यावर टाकणेही न्याय्य नाही. जे प्रणाली तयार करून वाटतात त्यांचेही काही कर्तव्य आहे. आपल्या देशात सी-डॅकने २००७ पासून डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिली, आणि सेक्टर ३९ मधील संस्थेने औषधशोधाची साधने विद्यार्थ्याच्या हाती दिली. अशा उद्योगांची परंपरा पुढे नेणाऱ्यांनी प्रणाली सुरू होताच पहिल्याच पडद्यावर, वाचकाच्या स्वभाषेत, तीन गोष्टी सांगाव्यात : यंत्राची रॅम किती आहे, तिच्यातील किती भाग फाइलींसाठी खुला आहे, आणि तो बदलावयाचा असल्यास काय करावे. जागा भरत आली असता वेळीच सूचना द्यावी. ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश इंग्रजीत न दाखविता मराठीत दाखवावा, आणि ही जागा डिस्कवरील नसून स्मृतीतील आहे हेही त्यात सांगावे. नाहीतर डिस्क मोकळी असताना जागा नाही कशी, या कोड्यातच वाचक पडतो.

मुक्त प्रणालींविषयी आपल्याकडे एक अपसमज आहे की त्या ऐन वेळी दगा देतात. यंत्र गोठले, काम गेले, आणि शाळेने ते पेन ड्राइव्ह कपाटात टाकून दिले, असे झाले तर दोष प्रणालीच्या नावावर जमा होतो. वस्तुतः दोष असतो तो कोणीच न ठरविलेल्या एका आकड्याचा. तो आकडा कोठे असतो, तो कसा काढावयाचा आणि कोठे लिहावयाचा हे शिक्षकांना आणि ग्रंथपालांना एकदा समजावून सांगितले, तर कपाटात पडलेली पुष्कळशी यंत्रे पुन्हा मेजावर येतील, आणि क्षयजंतूच्या जीनोमचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचे चार तासांचे काम वाया जाणार नाही.